कवळीवाल्यांचा बुद्धिबळाचा प्रोग्राम

दातांच्या कवळ्या करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली ‘कवळीवाले’ म्हणूनच ओळखायची. दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत ते दिवसभर मेणात दात बसवत, घासत, पुन्हा घासत बसायचे. हात सोन्याचा, जीभ तिखट आणि बुद्धिबळात मात्र सगळा आनंदीआनंद.

दर रविवारी त्यांचे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, पट काखेत मारून घरी यायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. पहिला चहा संपेपर्यंत ते कवळीवाल्यांना एकदा हरवायचे आणि दुसरा येईपर्यंत आणखी एकदा. हरण्याचं कवळीवाल्यांना एवढं काही वाटत नसे. पण मास्तर हरवताना गुणगुणायचे, ते फार झोंबायचं.

एका रविवारी वजीर फुकटात गेला आणि कवळीवाल्यांच्या डोक्यात तिडीक उठली.

“दादा, मी आता प्रोग्रामच लिहितो. कॉम्प्युटर खेळेल आणि तुम्हाला धूळ चारेल.”

मास्तर गुणगुणायचे थांबले. “तुम्हालाच खेळता येत नाही, भावोजी. तुम्ही यंत्राला काय शिकवणार?”

“माझे सगळे दात शाबूत आहेत. तरी कवळ्या करतोच ना?”

“बरं. वेळ किती लागेल?”

“दोन महिने. फार तर अडीच.”

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “न्हाणीघराचा नळसुद्धा दोनच महिन्यांत होणार होता हो!”

कवळीवाले अगदीच कोरे नव्हते. कोणत्या पेशंटचा साचा कुठल्या कप्प्यात आहे, ते सांगणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी दवाखान्यासाठी लिहिला होता आणि तो चालत होता. त्या जोरावर त्यांनी दंड थोपटले. पण दोन महिन्यांत जेमतेम सोंगट्या कशा चालतात तेवढंच यंत्राच्या गळी उतरलं, तेही अर्धवट. पहिल्याच डावात राजाला सुरक्षित करायला त्यानं किल्लेकोट केला, तो आपल्याऐवजी समोरच्याचा हत्ती उचलून.

“शेजारधर्म आहे,” मास्तर म्हणाले.

मग खरं काम सुरू झालं. प्रत्येक मोहऱ्याला किंमत द्यायची, पुढच्या शक्य तितक्या चाली पाहायच्या आणि ज्यात आपली बाजू भारी ठरेल ती चाल खेळायची. ऐकायला सोपं. यंत्र आता चांगलं पाच मिनिटं विचार करायचं आणि विचारपूर्वक वजीर नेऊन मास्तरांच्या प्याद्याच्या तोंडी द्यायचं. मग हत्ती. मग दुसरा हत्ती. इतक्या शिस्तीत आत्मनाश केलेला मास्तरांनी कधी पाहिला नव्हता.

“भावोजी, हा तर हुबेहूब तुमच्यावर गेलाय!”

कवळीवाल्यांनी आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी सापडलं की बेरजेच्या जागी वजाबाकी पडली होती. बिचारा प्रोग्राम जीव तोडून मास्तरांनाच जिंकवत होता.

दवाखान्याच्या डॉक्टरबाई हे ऐकून हसू दाबत म्हणाल्या, “त्याला प्रतिभा लागते हो. येरागबाळ्याचं काम नाही.”

ही गोष्ट कवळीवाल्यांच्या मनाला लागली. आपल्याकडे प्रतिभा आहे का, याचा ते खोलीत बसून प्रामाणिकपणे विचार करू लागले. चालता चालता एखादी झकास कल्पना सुचली, असं त्यांच्या आयुष्यात एकदाही घडलं नव्हतं. कवळी पहिल्या फटक्यात कधी बसत नाही, पेशंट तोंड वाकडं करून सांगतो की इथे टोचतंय, मग तिथलं केसभर घासायचं, एवढंच त्यांना ठाऊक. तेव्हा त्यांनी तेच केलं. एका वेळी एकच आकडा किंचित बदलायचा, जुन्या आणि नव्या प्रोग्रामला आपसांत शेकडो डाव खेळायला लावायचं आणि नवा हरला तर मुकाट्यानं मागे जायचं. बहुतेक वेळा नवाच हरायचा. खोलीतला जुना कॉम्प्युटर इतका तापायचा की मेण भलत्याच वेळी वितळायचं.

अशी वर्षं गेली. शेजाऱ्यांची मुलं शिकून नोकरीला लागली. बायको नव्या माणसाला ओळख करून देताना म्हणायची, “हे कवळ्या करतात आणि फावल्या वेळात आमच्या दादाकडून हरायची यंत्रं.”

आणि एका रविवारी मास्तरांचा राजा खरोखर कोपऱ्यात सापडला. जवळ सोंगटी उरली नव्हती. यंत्राकडे वजीर आणि हत्ती. कवळीवाले खुर्चीतून अर्धे उठले. आता मात, आता मात! यंत्रानं हत्ती एक घर डावीकडे नेला. मास्तरांनी राजा हलवला. यंत्रानं हत्ती पुन्हा उजवीकडे आणला. मग डावीकडे.

“मारायचं तर एकदाचं मारून टाक रे बाबा!” मास्तर ओरडले. “असं टांगून काय ठेवलंयस?”

पण यंत्राच्या हिशोबानं आज केलेली मात आणि उद्या केलेली मात सारखीच. घाई कसली? तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. मास्तर गुणगुणत घरी गेले. कवळीवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लवकरची मात जास्त मोलाची, एवढंच त्यांनी प्रोग्रामला सांगितलं. लिहायला एक ओळ. त्यानंतरच्या रविवारी मास्तर हरले. अगदी स्वच्छ, सरळ हरले. कवळीवाल्यांनी वर्षानुवर्षं घोकून ठेवलेलं खोचक वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं, कारण मास्तरांनी चपला घातल्या होत्या. चहाचा कप तसाच भरलेला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

“माझा एकुलता एक भाऊ,” बायको म्हणाली, “तुमच्या त्या डबड्यानं घालवला.”

“मी काय केलं? तो प्रोग्राम—”

“प्रोग्राम काय आभाळातून पडला?”

जिंकून असं पोरकं वाटेल, हे कवळीवाल्यांच्या कुठल्याच गणितात बसलं नव्हतं. रविवारी ते एकटेच पट मांडून बसायचे आणि उगाच सोंगट्या पुसायचे.

मग एका दुपारी दवाखान्यामागच्या खोलीचं दार ढकलून मास्तर आत आले. कपड्यांना मेणाचा वास लागेल म्हणून आजवर ते कधी तिथे फिरकले नव्हते. एक स्टूल ओढून बसले.

“आत काय आहे ते दाखवा.”

कवळीवाल्यांनी दाखवलं. मास्तर नाकावर चष्मा ओढून बराच वेळ आकडे वाचत होते. मग एकदम उसळले. “राजा शेवटपर्यंत किल्ल्यातच? अहो, वजीर गेले की राजानं मैदानात उतरायचं असतं! आणि हे प्यादं पार सीमेवर पोचलंय, तरी त्याची किंमत घरात बसलेल्या प्याद्याएवढीच? आणि अशा अडाण्याकडून मी हरलो!”

“मग तुम्ही सांगा.”

“सांगतोच. सरका.”

त्या दिवसापासून रविवार कमी पडू लागला. मास्तर सांगायचे, कवळीवाले लिहायचे, यंत्र शेकडो डाव खेळून दोघांचीही जिरवायचं. पुढे दोघांनी धीर करून प्रोग्रामच्या स्पर्धेत नाव घातलं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती आणि जो तो आपापला कॉम्प्युटर घेऊन बसला होता. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्ध्यानं त्यांना इतक्या लवकर चिरडलं की मास्तरांच्या हातातला चष्मा नाकावर चढायच्या आत निकाल लागला होता. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या, चौथ्या फेरीतही.

शेवटच्या फेरीत मात्र मास्तरांचं ते सीमेवरचं प्यादं धावत सुटलं. मागून राजा मैदानात उतरला. प्याद्याचा वजीर झाला आणि मात! दोन प्रौढ माणसं हॉलमध्ये एकमेकांना मिठी मारून उभी राहिली.

समोरच्या तरुण मुलीनं हसून हात पुढे केला. “छान खेळला, काका. किती दिवस काम करताय?”

“बारा वर्षं,” कवळीवाले ताठ होऊन म्हणाले. “आणि तू?”

“मागच्या महिन्यात सुरू केला.”

दोघं परतीच्या रस्त्याला लागले.

“पोरगी हुशार आहे,” मास्तर म्हणाले.

“प्रतिभा म्हणतात ती हीच.”

“पुढच्या वर्षी ती आपला भुगा करणार.”

“करणारच.” कवळीवाले म्हणाले. “पण दादा, म्हणजे अजून अख्खं वर्ष आहे हातात.”

मास्तरांनी मान डोलावली आणि तिथेच, फूटपाथवर उभे राहून, घोड्यापेक्षा उंट किंचित महाग का ठेवायचा, ते हातवारे करत समजावू लागले. कवळीवाल्यांना ते अजिबात पटलं नाही.