भोजराजची न निघालेली चौथी आवृत्ती

भोजराज गेला हे त्याच्या बायकोने, वहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या धरमकाट्यावर धानाचा ट्रक उभा होता. मी वजन घेतलं, पावती छापली, ड्रायव्हरच्या हातात दिली, आणि मगच खाली बसलो. ती पावती छापणारा प्रोग्रामही त्याचाच होता...

मुर्रीच्या शाळेपासूनची आमची दोस्ती. तो शिकून कॉम्प्युटरवाला झाला, मी वडिलांच्या काट्यावर बसलो. तेव्हा माझ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी धड उमटत नव्हती, काना एकीकडे आणि मात्रा भलतीकडे. भोजराजने त्यासाठी एक छोटासा भाग लिहिला, कुठल्याही प्रोग्रामला जोडता येईल असा, आणि इंटरनेटवर फुकट खुला ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा, सुधारावा. लोकांनी घेतला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आपापली लिपी नव्या प्रिंटरांवर त्यातून छापू लागले, त्यात भर घालू लागले. माझं पोट दुखायला लागलं ते तेव्हापासून.

शनिवारी संध्याकाळी तो कुडव्याहून स्कूटीवर माझ्याकडे चहाला यायचा. चहा माझा आणि नजर मोबाईलवर. एकदा वाचता वाचता हसला, तेव्हा मला राहवलं नाही.

"काऊन बे, कोनासंग हासून राहिला?"

"लीना आहे. चौथी आवृत्ती काढू म्हनते."

"पाह्यलं का तिले कधी?"

"नाही. पन ओळखतो."

पन ओळखतो! लीना म्हणजे कुठल्याशा थंड देशातली बाई, त्याच्यासोबत हे काम सांभाळणारी. मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो, पण माझ्याशी बोलताना तो असा हसल्याचं मला आठवत नाही. घर का जोगी जोगडा, परगावचा तो सिद्ध, दुसरं काय.

आवृत्त्यांचं त्याचं शास्त्र मला त्यानेच समजावलं होतं. तीन आकडे, मध्ये टिंबं. चूक दुरुस्त केली की शेवटचा आकडा वाढतो, नवीन सोय दिली की मधला. पहिल्या आकड्याला मात्र, म्हणजे तिनाचे चार करायला, तो हात लावू देत नसे. "पयला आकडा बदलला म्हंजे कोनाचं तरी चालू काम बंद पडते, गड्या. काही काढाचं असन त लोकायले खूप आधी सांगा लागते." माझ्या पोरीच्या साक्षगंधालाही तो उशिरा आला, कारण त्या दिवशी नवीन आवृत्ती बाहेर पडली होती. साखरपुड्याच्या मांडवात बसूनही मोबाईल हातातच. मी म्हटलं, "माह्या पोरीपेक्षा मोठी हाये का थे?" तो म्हणाला, "नाही बे. पन कोनाचं अडलं त?" त्यावर पंगतीत मी त्याच्याशी बोललो नाही.

तेरवीच्या दिवशी वहिनींनी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, हे कोण लोक आहेत? रोज लिहून राहिले." मी वाचत गेलो. हिवाळ्यातच त्याने त्या सगळ्यांना आपल्या दुखण्याचं सांगितलं होतं. पुढल्या आवृत्त्या कोण काढेल, पासवर्डच्या किल्ल्या कोणाकडे राहतील, सगळं ठरवून दिलं होतं. मला काय सांगितलं? "गॅसेस होऊन राहिले." त्याच हिवाळ्यात, माझ्याच खुर्चीत बसून. ज्यांना त्याने कधी पाहिलं नाही त्यांना तयारीला वेळ मिळाला, आणि मला ट्रक काट्यावर असताना एक फोन. रडू आलं नाही मला. राग आला, आणि हेवा वाटला, खरं सांगतो. इतक्या वर्षांत मी त्याचा होतो तरी कोण, हा एकच प्रश्न घेऊन मी घरी आलो.

मागच्या आठवड्यात लीनाचा मेल आला. वहिनींनी माझा पत्ता दिला होता. इंग्रजी साधंच होतं, मला कळलं. तिने लिहिलं होतं, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठीचा भाग काढून टाकला तर पुढचं काम फार सोपं होईल. चौथी आवृत्ती तेवढ्यासाठी अडली आहे. आम्ही भोजराजला दर आवृत्तीच्या वेळी विचारायचो, हा प्रिंटर आता जगात वापरतंय कोण? तो म्हणायचा, माझ्या गावी एक माणूस आहे, त्याचं चालू राहिलं पाहिजे. त्या एका माणसासाठी त्याने आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं थांबवलं. आम्हाला त्या माणसाचा हेवा वाटायचा. नाव विचारलं तर नुसता हसायचा. जाताना सांगून गेला, त्याला विचारल्याशिवाय काढू नका. तुम्ही त्याच्याच गावचे, तुम्ही ओळखता का त्या माणसाला?

मी मेल बंद केला आणि काट्याच्या खोलीत जाऊन बसलो. प्रिंटर तिथेच आहे, खिडकीखाली. रिबन फिकी झाली की भोजराज स्वतः बदलायचा, बोटं काळी करून माझ्याच गमछ्याला पुसायचा. नवा घे, असं एकदाही म्हणाला नाही. मीही कशाला घेतो, चालू आहे ना...

नवा प्रिंटर गोंदियाच्या बाजारात संध्याकाळपर्यंत मिळेल. लीनाला दोन ओळी लिहिल्या की त्यांची आवृत्तीही निघेल. लिहायचं आहे, पण अजून लिहिलेलं नाही. सकाळी पहिला ट्रक आला, मी पावती छापली, खरखर आवाज करत कागद बाहेर आला, काना-मात्रा जागच्या जागी. इतकी वर्षं थांबले ना ते लोक, आणखी थोडे थांबतील.