नावेच्या कनातीची खिडकी

मी शिंपी. मूळचा नरसीचा, पण हयात गेली हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात मशीन मांडून. बंड्या, चोळ्या, बैलांच्या झुली, हेच आपलं शिवणं. काच, अभ्रक असल्या भानगडीत कधी पडेन असं वाटलं नव्हतं. पण निजामाच्या अमदानीत एका पावसाळ्यात पैनगंगेच्या नावेला खिडकी बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि महिनाभर मला दुसरं काही सुचेना.

नदीच्या अल्याड आमचं निजामाचं राज्य, पल्याड वऱ्हाड, तिथं इंग्रज. पावसाळ्यात मधे एक नाव चालायची. नावाडी भोयाचा म्हातारा, सगळे त्याला मामा म्हणत. मामा मागच्या टोकाला बसून सुकाणू धरायचा आणि त्याचा धाकटा भाऊ पुढं उभा राहून बांबू रेटायचा. नदीच्या मध्यावर पाण्याखाली एक काळा खडक होता. पल्याडच्या दरडीवर पांढरं निशाण लावलेलं, त्यावर नजर ठेवून खडकाच्या वरच्या अंगानं नाव काढायची. चुकलं तर नाव फुटलीच म्हणायची.

त्या साली गावच्या देशमुखांनी हिंगोलीच्या लिलावातून फौजेचा एक जुना तंबू आणला. नावेच्या मागच्या अर्ध्या भागावर कमानी बांधून घेतल्या, आणि लेकुरवाळ्या बायका भिजू नयेत म्हणून मला छप्पर आणि चारी बाजूंच्या कनाती शिवायला सांगितल्या. मी शिवल्या. झकास झाल्या. मामा आत जाऊन आपल्या जागी बसला आणि म्हणाला, "शिंपीबुवा, कापड झ्याक हाय. पन मला म्होरचं दिसंल कसं?"

घ्या! हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कनात वर गुंडाळावी तर पाऊस आत, सोडावी तर नदी गायब. पुढच्या कनातीला मामाच्या डोळ्यांसमोर खिडकी हवी आणि खिडकीतून पाणी यायला नको. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी सरळ हात झटकले असते. पण माझी एकुलती एक लेक पल्याड दिलेली, पहिलटकरीण. पोळ्याच्या आधी तिला बाळंतपणाला ह्याच नावेनं आणायची होती. ज्या खिडकीतून बघून मामा तिला खडकाजवळून काढणार, ती मी दुसऱ्याच्या हातात कशी देऊ?

पहिली काच घरातलीच. देवाच्या तसबिरीची काढली. बायको म्हणाली, "अवो, देव उघडा पाडला तुमी!" म्हटलं, देवाला दिसतं काचेशिवाय, मामाला दिसत नाही. कनातीत चौकोन कापून, सागाच्या चौकटीत काच बसवली. दोन दिवस टिकली. नाव दरडीला लागली, धक्का बसला, आणि काच खळ्ळकन मामाच्या मांडीवर. मामा तुकडे वेचत म्हणाला, "फुटली ते बरं झालं. तसंबी धुरकटच दिसून राहिलं होतं."

मग मला नादच लागला. दिसेल ती वस्तू डोळ्याला लावून बघायची. खडीसाखरेचा खडा, माशाचं खवलं, शेजारणीची फुटकी बांगडी. बायको वैतागली. "आता मलाबी डोळ्याला लावून बघा," म्हणाली. म्हटलं, तुझ्यातून काय दिसणार, तू भिंत. त्या दिवशी मला ताटात नुसती भाकर मिळाली, कालवण नाही.

कागद जवसाच्या तेलात बुडवून वाळवला. उजेड आला, पण नजर पलीकडं जाईना. एक धनगर म्हणाला, बोकडाच्या पोटातला पापुद्रा ताणून वाळव, पाण्यासारखा होतो. खरंच बरा झाला होता हो! पण रात्रभर नाव दरडीला बांधलेली, आणि सकाळी बघतो तर त्या धनगराच्याच कुत्र्यानं खिडकी खाऊन टाकलेली. वैद्यबुवांनी औषधासाठी ठेवलेला अभ्रकाचा तुकडा दिला. चाकूच्या टोकानं त्याचे थर सुटे करायला काय मजा येते म्हणून सांगू! एकात एक, एकात एक, संपतच नाहीत. पण तुकडा तळहाताएवढा. दोन जोडून बसवले तर मामा म्हणाला, "धुरकट."

शेवटी सर्विस मोटारीच्या ड्रायव्हरनं अक्कल दिली. मोटारीच्या बाजूच्या पडद्यांना सेल्युलॉइडच्या खिडक्या असतात, त्यातला एक जुना पडदा त्यानं मला दिला. ते कापड नाही, काच नाही, कागदही नाही. वाकतं, पण फुटत नाही. मी रात्रंदिवस तेच चाचपत बसलो. टाके जवळजवळ घातले की शिवणीवर सरळ रेषेत फाटतं, म्हणून टाका लांब घालायचा आणि कडेला कापडाची दुहेरी पट्टी द्यायची. दुमडलं की कायमची रेघ पडते, म्हणून गुंडाळूनच न्यायचं. विडी जवळ नेली तर भक्कन पेटतं. हे शेवटचं मी माझ्या मिशीवर शिकलो.

ते बसवलं. मामा बसला, बराच वेळ बघितलं, मान हलवली. "न्हाई बुवा. धुरकट."

माझं डोकंच फिरलं. "काहून धुरकट? मला तर निशाण बराबर दिसून राहिलं!"

"तुमी जवान हाव," मामा हसला. मी पन्नाशीचा होतो. मग नेहमीप्रमाणं उतारूंकडं वळून त्यानं विचारलं, "सांगा बरं, पल्याड कितीजन उभे हायती?" ही मामाची जुनी गंमत. हल्ली प्रत्येक खेपेला तो विचारायचा, आणि बायापोरं चढाओढीनं सांगायची: चार माणसं, एक बैलगाडी, निशाणाच्या डाव्या अंगाला एक म्हैस. मामा "व्हय, व्हय" करत सुकाणू फिरवायचा. सगळे हसायचे, मीही हसायचो.

जुना माल आहे, उन्हानं पिवळा पडलाय, म्हणून धुरकट दिसतं, असं मी मनाशी ठरवलं आणि थेट वाशीमला गेलो. तिथं मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून सेल्युलॉइडचा नवा कोरा तुकडा मिळवला. येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकुनानं अडवलं. हे काय, ह्यावर कर कोणता, त्याला उमजेना. त्यानं तो डोळ्यांसमोर धरून माझ्याकडं बघितलं, मग शिपायानं बघितलं, मग दोघांनी त्यातून एकमेकांकडं बघितलं. "यह तो कुछ भी नहीं है," म्हणाला आणि सोडलं. मला किती आनंद झाला म्हणता! पलीकडचं इतकं साफ दिसतं की सरकारलासुद्धा माल दिसत नाही. आता मामा काय खोट काढतो तेच बघतो, म्हटलं.

लेक यायची होती त्याच दिवशी सकाळी नदीवर गेलो. भुरभुर पाऊस, वारा नावेच्या मागून. मामाचा भाऊ पुढं दोर सोडायच्या तयारीत होता. मी जुना तुकडा उसवून काढला, चौकट मोकळी केली, नवा तुकडा गुंडाळून काखेत धरलेला, आणि सुईत दोरा ओवत होतो. तेवढ्यात मामा आत आला आणि जागेवर बसला. "झाली का नवी खिडकी?" म्हणाला, पुढं झुकला, डोळे बारीक करून मोकळ्या चौकटीतून बघत राहिला.

"शिंपीबुवा, वाईट वाटून घेऊ नका," मामा म्हणाला. "हीबी धुरकटच हाय."

आणि खांद्यावरच्या पंच्याचं टोक घेऊन तो खिडकी पुसायला गेला. हात कोपरापर्यंत बाहेर गेला, पावसात.

मामा तसाच थांबला. बोटं हलवून बघितली. पाऊस हातावर पडत होता. मग त्यानं हात हळूच आत घेतला आणि ओल्या पंच्यानं तोंड पुसलं. महिनाभर मी काचेवर, अभ्रकावर, त्या बिचाऱ्या बोकडावर चिडत होतो, आणि ह्या माणसाच्या डोळ्यांकडं एकदाही बघितलं नव्हतं. आता बघितलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय यावी तसं पांढरं आलं होतं. लाज वाटली, आणि भीतीही वाटली, कारण ह्याच हातांनी आज माझी लेक यायची होती.

"लेक कधी येऊन राहिली तुमची?" मामानं विचारलं.

"आजच. ह्याच खेपेला."

मामा उठला. सुकाणूवरनं एकदा हात फिरवला आणि भावाला हाक मारली. "आजपासून हितं तू बस. बांबूला दुसरा गडी घे." भाऊ काही न विचारता येऊन बसला. त्याला आधीच ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही. मग मामा माझ्याकडं वळला. "तुमचं काम चांगलंच होतं बुवा. पैल्या काचेपासूनच चांगलं असंल."

महिनाभर मी हेच ऐकायला तडफडत होतो. ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. सुईत दोरा जाईना, तो भावानं ओवून दिला. मी नवा तुकडा लांब टाक्यांनी शिवला आणि नाव सुटली.

मामा पहिल्यांदाच उतारूंसारखा फळीवर, माझ्या शेजारी बसला. खडकाजवळ पाण्याचा आवाज बदलला तेव्हा त्याची मूठ आवळली, मग नाव वरच्या अंगानं गेली आणि मूठ सुटली. थोड्या वेळानं हळूच त्यानं विचारलं, "पल्याड कोन उभं हाय, शिंपीबुवा?"

मी सगळं सांगितलं. निशाण, त्याच्या उजवीकडं बैलगाडी, गाडीपाशी हिरवं लुगडं नेसलेली माझी लेक, एक हात पोटावर, आणि दुसरा हात ती आपल्याकडं बघून हलवतेय.

मामानंही हात वर केला आणि हलवायला लागला, पण भलत्याच बाजूला, जिथं नुसतं पाणी होतं. मी त्याचं मनगट धरलं आणि जरासं उजवीकडं वळवून दिलं.