रत्नमाला सिस्टर आणि बसलेले आवाज

सीडीच्या दुकानात रत्नमाला सिस्टर वेष्टणावरचा फोटो कधी बघत नसत. डबी उघडून तबकडी बाहेर काढायच्या, एक्स-रे बघावा तशी उजेडाकडे तिरपी धरून चरे तपासायच्या आणि मग दुकानदाराला विचारायच्या, "भाऊ, ह्या बाईचा आवाज बसलेला हाय ना?"

"नाही हो, छान गोड आहे," असं तो म्हणाला, की डबी परत फळीवर जायची. "मंग नको. गोड आवाज आमच्याकडं लई हायेत."

वडवणीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या आणि मी औषधांच्या खिडकीत. नऊ वर्षं आम्ही बरोबर काम केलं. त्यांचा स्वतःचा आवाज घोगरा, जाड आणि मध्येच तुटणारा. नवीन आलेली बाळंतीण हमखास विचारायची, "सिस्टर, सर्दी झाली का तुमाला?" त्या सलाईनचा थेंब मोजत उत्तर द्यायच्या, "ही सर्दी जायची न्हाई बाई. तू तुझं बघ."

एकदा आम्हा दोघांना लसीकरणाच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं होतं. दुपारच्या सुट्टीत जेवून परतताना एका जुन्या सीडीच्या दुकानातून गाणं ऐकू आलं. इंग्रजी गाणं, संथ, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज असा, की ओल्या वाळूतून कुणी पाय ओढत चाललंय. सिस्टर पायरीवरच थांबल्या.

"संजूभाऊ, ही बाई अशी कावून गाती?"

मला काय कळणार? म्हातारे दुकानदार गल्ल्यावरून म्हणाले, "याला जॅझ म्हणतात ताई. तरुणपणी हिचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता. आजारपणात गेला. ही सीडी त्यानंतरची."

"आवाज गेल्यावर बी हिला गाऊ दिलं?"

"गाऊ दिलं म्हणजे? लोक रांगा लावायचे."

सिस्टर आत जाऊन स्टुलावर बसल्या आणि ती सीडी त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. प्रशिक्षणाला आम्ही तासभर उशिरा पोहोचलो. साहेब चारचौघांत बोलले. सिस्टर हसतमुखानं ऐकत होत्या, आणि पर्समध्ये ती सीडी होती.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला सगळं सांगितलं. माहेर गेवराईकडचं उमापूर. वडील हार्मोनियम वाजवायचे, धाकटा भाऊ भास्कर ढोलकी, आणि रत्नमाला गायची. जयंतीला तिची भीमगीतं ऐकायला शेजारच्या गावांतून लोक यायचे. नोकरी लागल्यावरही दर जयंतीला ती उमापूरच्या मंचावर असायची. मग गळ्यात गाठ झाली, ऑपरेशन करावं लागलं. आवाज बदलू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. पुढच्या जयंतीला ती उभी राहायला निघाली, तेव्हा भास्करनं हात धरला. "ताई, नको. लोकं हसतील."

"त्याचं चुकलं न्हाई," सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मला बी तसंच वाटलं. पंधरा वरसं झाली, मी आंघोळीला बी गुणगुणत न्हाई."

त्यानंतर काही ना काही निमित्तानं त्यांच्या पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सेकंडहँड प्लेअर आला. धूळ बसू नये म्हणून दवाखान्यानं मोडीत काढलेल्या लसीच्या निळ्या डब्यात त्या सीडी ठेवायच्या. इंग्रजी नावं लक्षात राहत नसत, म्हणून प्रत्येक डबीवर पट्टी चिकटवून स्वतःच्या अक्षरात लिहायच्या. 'रडून झाल्यावरची.' 'लेकरू निजवणारी.' 'नवऱ्याला न भिणारी.' एका ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या सीडीवर लिहिलं होतं, 'हा बाप्या बोलल्यासारखा वाजवतो.'

मी एकदा शहाणपणा केला. "सिस्टर, फोनवर हे सगळं फुकट मिळतं. सात तास बसमध्ये कशाला हाडं खिळखिळी करता?"

"फोनवर एक गाणं संपत न्हाई तर दुसरं म्होरं उभं," त्या म्हणाल्या. "हे मी सात घंटे बसून आणते. मंग त्याला बसून ऐकते."

नुसतं ऐकत नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. ती बाई श्वास कुठं घेते, शब्द ठेक्याच्या किंचित मागे कसा सोडते, आवाज पोहोचत नाही तिथं ओढाताण न करता नुसती बोलते कशी, हे त्या दार लावून गिरवत होत्या.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी मला जयंतीला उमापूरला नेलं. मंचावर भास्करची ढोलकी होती. तरण्या गायकांची दोन-तीन गाणी झाली, आणि सिस्टर कुणालाही न सांगता पायऱ्या चढून माइकपाशी उभ्या राहिल्या. "जय भीम" म्हणाल्या आणि तो आवाज कर्ण्यातून गावभर गेला. पुढून एक कार्यकर्ता काळजीनं ओरडला, "सिस्टर, घसा बसलाय तुमचा. राहू द्या!"

"घसा बसलेला न्हाई," त्या माइकमध्येच म्हणाल्या. "हाच आवाज हाय माझा."

त्यांनी बाबासाहेबांचं एक जुनं गाणं धरलं. एरवी ते जोरात, टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात. सिस्टरनी ते निम्म्या लयीवर आणलं. ओठ माइकला लावून, शेजारणीला मनातलं सांगावं तसं गायल्या. भास्कर गोंधळला. दोनदा ठेका पुढे पळाला, दोनदा त्यानं हात उचलला. मग मान खाली घालून बहिणीच्या श्वासाबरोबर वाजवू लागला. मागे गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या उठून पुढे येऊन बसल्या. शेवटच्या कडव्याला आवाज तुटला. सिस्टरनी तो तुटू दिला आणि राहिलेली ओळ नुसती बोलून पुरी केली. आधी पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले, आणि मग सगळा मंडप उठला. वडवणीच्या औषधांच्या खिडकीतला एक माणूस शेजारच्या अनोळखी गृहस्थाचा दंड धरून सांगत होता, "आमच्या सिस्टर आहेत! आमच्या दवाखान्यातल्या!"

मंचावर भास्करनं ढोलकी खाली ठेवली होती. तो बहिणीकडे बघून काहीतरी पुटपुटला. माइक चालूच होता, म्हणून सगळ्या गावानं ऐकलं. "ताई, मीच तुला गप बसवलं गं."

"तू म्हणालास अन् मी बसले. दोघं बी येडे," सिस्टर म्हणाल्या. "उचल ती ढोलकी. आता दुसरं घेऊ. अन् जरा दमानं वाजव."