कांताबाईंनी बाहेरून घातलेली कडी

तर काल ही गोष्ट सांगताना आपण पाहुण्यांच्या पोह्यांपर्यंत आलो होतो. कांताबाई म्हणजे कोराडीला माझ्या शेजारच्या. कामगारांचे डबे करून दोन लेकरं वाढवलेली बाई. त्या सकाळी त्यांच्या पायलला पाहायला पाहुणे येणार होते. स्थळ राज्याच्या सीमेपलीकडचं, हिंदी बोलणारं. दारात जीप थांबली, साध्या कपड्यांतले चौघं उतरले. बाई म्हणाल्या, "जय भीम." ते म्हणाले, "नमस्ते माताजी, घर पे सब हैं ना?" आता असं विचारणारा पाहुणाच वाटणार की नाही? खुर्च्या माझ्या घरून गेल्या.

पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली. पायलचा भाऊ धम्मानंद चहा घेऊन आला. नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि एकानं त्याचं मनगटच धरलं. "चल. पुलिस." त्यांच्या राज्यात ट्रक चोरीला गेला म्हणे. पोरगा ट्रक चालवतो, एवढाच त्याचा संबंध.

"कागद दाखवा," मी म्हणालो.

"ए बुढ्ढे, बैठ."

माझ्याच खुर्चीत बसून, मला.

पोलिसाला दुसऱ्याच्या हद्दीतून माणूस नेता येतो, कोण नाही म्हणतं? पण आधी तिथल्या ठाण्यात वर्दी द्या, ओळख सांगा, घरच्यांना कारण सांगा. पोहे हाणून पोरगा जीपमध्ये टाकायचा, मग आईनं त्याला कुठल्या गावात शोधायचा?

कांताबाईंनी पायलला आणि मला अंगणात ओढलं आणि बाहेरून कडी घातली. घराला दुसरं दार नाही.

"आई, मी आत आहो ना वं," धम्मानंद आतून ओरडला.

"तिथंच राह्य, बाबू. जीपपेक्षा घर बरं. काकाजी, ठाण्याले फोन लावा."

आमच्या ठाण्याचे साहेब आले, दार उघडलं. चौघांची ओळखपत्रं खरी निघाली, पण ठाण्यात नोंद काही केलेली नव्हती. पोरगा कुठेही जाणार नाही, काय विचारायचं ते नोंद करून इथंच विचारा, असं साहेबांनी त्यांना सुनावलं. इथवर ठीक. पण जाता जाता हा माणूस कांताबाईंवरच घसरला.

"ड्यूटीवरच्या पोलिसांना कोंडता? तुमच्यावरच गुन्हा दाखल करू का बाई?"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तोच कांताबाईंनी मला हातानंच थांबवलं आणि उष्ट्या प्लेटा गोळा करता करता म्हणाल्या,

"पोलिसांले कोनं कोंडलं, साहेब? पोलीस असते तं पहिले तुमच्या ठाण्यात आले असते. हे तं पोरगी पाहाले आलेले पाहुणे होते. पोहे खाऊन पोराचा हात धरला, म्हून कडी लावली."