डाळज गटाची वेगळी फाइल

"नियम बदललाय म्हणता, मग माझ्या मागनं लावलेला ऊस पुढं कसा गेला?" डाळजचे बापूराव कारखान्याच्या शेतकी ऑफिसात उभ्यानंच विचारत होते. "फडाला तुरा आलाय. वजन घटतंय. अजून तोडणीची पाळी न्हाय."

शेतकी साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "सॉफ्टवेअर हे बघतात. इथल्याच जळोचीच्या माणसाला काम दिलं की हे असं होतं. पुण्याची कंपनी बरी होती."

ती बरी कंपनी कागदाचा कपटाही न ठेवता निघून गेली होती. तिचा कोड मी सांभाळत होतो. यंदा तोडणीची पाळी कारखान्यातल्या नोंदीच्या तारखेऐवजी लागणीच्या तारखेवर लावायची होती. नियम मी बदलला, पिंपळी गटाच्या यादीवर तपासला. डाळजवर तपासला नाही. ही चूक माझी.

"दोन तास द्या," मी म्हणालो.

"एक," साहेब म्हणाले.

"दीड. आणि तोवर पुण्याचं नाव काढायचं नाही."

शेकडो फायली होत्या. मी इंडेक्स करणारं टूल चालवलं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसंच हे. कोडचा कोणता तुकडा कुठं लिहिलाय आणि कुठून कुठून वापरलाय, ते ओळीच्या नंबरासह दाखवतं. हे आधीच करायला हवं होतं. फाइल ओळखीची वाटली म्हणून मी थेट हात घातला होता.

पाळी ठरवणारा तुकडा दोन ठिकाणी निघाला. दुसरा फक्त डाळजच्या यादीसाठी होता आणि अजून नोंदीचीच तारीख बघत होता. त्याच्या डोक्यावर आधीच्या प्रोग्रामरची चार हंगामांपूर्वीची टीप होती. मी तारखेसकट मोठ्यानं वाचली. "शेतकी साहेबांच्या सांगण्यावरून. नोंदीच्या तारखेचा नियम आधी डाळजला करून बघू. तात्पुरतं."

"व्हय का साहेब?" बापूराव म्हणाले. "चार हंगाम बघताय का आमच्याकडं?"

"चहा घेणार, बापूराव?" साहेब म्हणाले.

"चहा नको. तोडणीची टोळी द्या."

साहेब मला व्हरांड्यात घेऊन गेले. "ती टीप काढून टाका."

"काढतो. उद्या टोळी बापूरावांच्या फडात. आणि पुढच्या हंगामाचं कामाचं पत्र माझ्या नावानं."

"बरं."

मी तो दुसरा तुकडा उडवला. टीप त्याच्याबरोबर जाणारच होती. हे साहेबांना सांगायची गरज वाटली नाही.

सकाळी टोळी फडात उतरली. आठवड्यानं पत्रही आलं, माझ्याच नावानं. त्यात काम लिहिलं होतं, "पुण्याच्या कंपनीच्या प्रणालीची किरकोळ देखभाल." मी घाईत, न वाचताच सही करून पोच दिली होती.

आता कोड हातात आला की मी आधी इंडेक्स करतो. आणि पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करत नाही.