लॅबकाकूंच्या सिगार

आमच्या सुभानपुऱ्यातल्या लॅबकाकू तंबाखूच्या कट्टर विरोधात होत्या, आणि अख्ख्या बडोद्यात त्यांच्याइतक्या नीट सिगार कुणी सांभाळत नसेल. नंदेसरीच्या एका केमिकल फॅक्टरीत त्यांनी आयुष्यभर नमुने तपासले, म्हणून सोसायटीत त्यांना हे नाव पडलं. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचो.

सिगार ओढायचे ते काका. त्यांचा भाचा जहाजावर होता, तो सुट्टीवर येताना खोकं आणायचा. पहिलं खोकं काकांनी फ्रिजमध्ये ठेवलं, लसणाच्या चटणीशेजारी. रविवारी गॅलरीत एक पेटवली तर वरचं पान तडकून सुटलं आणि धुराला चटणीचा वास आला. काकूंना ते सहन झालं नाही. "ओढू नका हे माझं म्हणणं कायम आहे," त्या म्हणाल्या, "पण बिघडलेला माल या घरात कुणी वापरायचा नाही."

तेव्हापासून सिगार काकूंच्या ताब्यात गेल्या. घट्ट झाकणाचा डबा, आत वाटीत ओलं मीठ आणि हवेतली ओल मोजणारं छोटंसं यंत्र. ओल्या मिठानं डब्यातली हवा कायम सारखी राहते, हे लॅबमधलं ज्ञान. बाहेर एप्रिलच्या झळा असोत की ऑगस्टची दमट हवा, काटा जागचा हलायचा नाही. डब्यावर चिठ्ठी: माल आल्याची तारीख, उघडल्याची तारीख, सही. नवं खोकं आलं की काकू जाहीर करायच्या, "प्रवास करून आल्यात. महिनाभर हात लावायचा नाही."

"जवा दे ने, सोड ना, एकच काढतो," काका विनवायचे.

"नमुना तयार नाही."

तयार झाला तरी काकांना सुख नव्हतं. काडीचा गंधक जळून जाईपर्यंत थांबायचं, टोक ज्योतीपासून लांब धरून फिरवत शेकायचं, मग मिनिटाला एक झुरका, तोही तोंडातल्या तोंडात. काका मूळचे बिडीवाले, त्यांना घाई. काकू शेजारी भाजी निवडत मान वर न करता म्हणायच्या, "गरम होतेय. कडू लागेल." आणि लागायची. एकदा काका "करजणला मित्राकडे जातो" म्हणून गेले. परत आल्यावर काकूंनी शर्टाचा वास घेतला.

"बिडी," त्या म्हणाल्या. "आणि तीही सादळलेली."

त्यांना जास्त राग कशाचा आला, हे काकांना कधीच कळलं नाही.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी काकांची छाती तपासली आणि तंबाखू पूर्ण बंद केली. त्याच सुमारास दोघांनी मुलीकडे पुण्याला कायमचं जायचं ठरवलं. डब्यात पाच सिगार उरल्या होत्या. "टाकून दे," काका सहज म्हणाले. दोन दिवस काकूंचं लक्ष सामान बांधण्यात नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. काका खुर्चीत अवघडून बसले होते. काकूंच्या हातात सिगार होती.

"इतकी वर्षं ठेवलं ते ठीक राहिलं का, हे नको बघायला?" त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळे नियम पाळून ती पेटवली.

"धूर आत घेऊ नकोस हं," काका घाबरून म्हणाले.

"मला सांगताय?"

तीन झुरके घेतले, जराशा खोकल्या, डोळे मिटून बसल्या. "थोडा लाकडाचा वास. थोडी कॉफी. कडवटपणा नाही," त्या म्हणाल्या. "साठवण उत्तम."

काकांनी खुर्ची हळूच धुराच्या दिशेला सरकवली. काकूंनी त्यांना हात धरून उठवलं, वारा येत होता त्या बाजूला नेऊन बसवलं, आणि परत येऊन सावकाश चौथा झुरका घेतला.