मधोमध मूठ

ह्यांनी केलेलं शेवटचं धनुष्य मी कापलं. ह्यांच्याच पेटीतली बारीक करवत काढली, गॅलरीत पाट टाकला, चष्मा पदरानं पुसला आणि अगदी बेतानं कापलं. कापून झाल्यावर स्वतःवर खूशही झाले. तेव्हा मी सत्तरीच्या अलीकडची होते, म्हणजे तरणीच म्हणायची. आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय माझ्याकडे जरा जास्तच रेंगाळलं.

धनुष्य बाहुलीचं होतं. माझी नात, लेकीची लेक, लातूरला असते. तिच्याकडे एक मोठी बाहुली आहे, उभी केली तर माझ्या मांडीला लागते. कोपर, गुडघे, मनगटं, सगळे सांधे वळतात; बोटंसुद्धा. नातीनं तिला जपानी तिरंदाज बाईचे कपडे शिवले आणि धनुष्यासाठी आजोबांच्या, तिच्या आबांच्या, मागे लागली. ह्यांची सगळी नोकरी अहमदपूरच्या डेपोत एसटीची बाकं आणि खिडक्या बसवण्यात गेलेली. निवृत्त होऊन आम्ही नांदेडला आलो आणि हात रिकामे राहिले, तर माणूस अर्धा झाला होता. नातीचं काम आलं तसे हे पुन्हा पहाटे उठायला लागले.

बांबूच्या दोन पातळ कामट्या आणि मधे लाकडाची पट्टी, सरस लावून एकावर एक. त्यावर सुतळी घट्ट गुंडाळायची आणि सुतळीखाली काडेपेटीच्या काडीएवढ्या पाचरा ठोकत जायचं. पाचर जितकी आत, तितका तिथं बाक. दुपारभर हातोडीची टकटक चालायची. मी आतून म्हणायचे, लोकं पोपट पाळतात, मी सुतारपक्षी पाळलाय. नातीनं फोटो टाकले, तशा दूरदूरच्या बाहुलीवाल्या पोरी धनुष्य मागू लागल्या. म्हातारा मिशीत हसायचा. धनुष्य झालं रे झालं, की जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर. मला वाटायचं, ह्या वयात बाहुल्यांची खेळणी करतात म्हणून लाजत असतील.

बांबू मुखेडकडच्या आमच्या गावातल्या घरातला. चुलीच्या वर आडवी बांधलेली एक दांडी होती, धुरानं तपकिरी झालेली. पावसाळ्यात ओले कपडे तिच्यावर वाळायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दांडी एका बाजूला उतरती दिसली. झालं. सासूबाई शेतात गेल्यावर मी स्टुलावर चढून तिला समतल बांधली, लांबून डोळा मिचकावून खात्रीही केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या लुगड्यांचं पाणी टपटप चुलीत. तोवर ते दांडीवरून उतरत कोपऱ्यातल्या घंगाळात पडायचं, हे माझ्या शहाण्या डोक्यात कुठून येणार? सासूबाई विझलेल्या चुलीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "लई हुशार हाय सून. आता भाकरी उन्हात भाज." हे दारात उभे राहून तोंडावर टॉवेल धरून हसत होते. गावचं घर पडायला आलं तेव्हा सगळ्या सामानातून ह्यांनी तेवढी दांडी मागून आणली. धूर प्यालेला बांबू किडत न्हाई, म्हणाले.

एकदाच ह्यांनी मला त्या धनुष्याबद्दल सांगायचं काढलं होतं. सरस वाळत होता, हातात चहा होता. "अगं, ह्याची मूठ कुठं असती ठाव हाय का?" मी कोथिंबीर निवडत होते. मी म्हणाले, मूठ राहू द्या, आधी मूठभर मीठ आणून द्या, डबा रिकामा झालाय. हे उठले आणि दुकानात गेले. आले ते मीठ ठेवून परत पाचरा ठोकायला बसले. पुन्हा ते बोलणं त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग त्यांचा हात कापायला लागला. चहा बशीत सांडायचा, पण हातोडी सोडली नाही. नातीच्या बाहुलीचं पहिलं धनुष्य तिच्या हातून मोडलं होतं. तिला दुसरं करून द्यायचं ठरलं होतं. दवाखान्यात न्यायच्या आदल्या आठवड्यात ते तयार झालं, नुसती दोरी राहिली होती म्हणून खिडकीत टांगलेलं होतं. दवाखान्यात मला म्हणाले, खिडकीतलं पोरीला दे. घरी यायचं मात्र त्यांच्याच्यानं झालं नाही.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले. नात येणार होती, तिला ते न्यायचं होतं. मी खिडकीतून धनुष्य उतरवलं आणि उजेडात धरलं. मूठ मधे नव्हती. पार खाली घसरलेली. मुठीच्या वर हे एवढं लांब, खाली आखूड. एवढी वर्षं एसटीच्या खिडक्या सुतात बसवणारा माणूस, आणि शेवटच्या वस्तूत त्याला मध्य सापडला नाही. किती कापत असेल हात. पोरीच्या मनात आजोबांचं हेच राहील, असं मला वाटलं. म्हणून वरचा जास्तीचा तुकडा कापला, टोकाला पॉलिशपेपर मारला, ह्यांचं लाकडाला लावायचं शिल्लक तेल बोटानं चोपडलं. मूठ आली मधोमध. कुणाला कळणारही नाही, असं म्हणत रडले आणि कापलेला तुकडा मोगऱ्याच्या कुंडीत वेलीला टेकू म्हणून खोचला.

नात आली, मी गुंडाळून ठेवलेलं फडकं तिनं सोडलं. मूठ बघितली, वरचं टोक बघितलं. मग मोबाईल काढून मला फोटो दाखवले. जपानातली माणसं, त्यांच्या हातात माणसाहून उंच धनुष्यं, आणि प्रत्येकाची मूठ मध्याच्या खाली. वर लांब, खाली आखूड. ते तसंच असतं, तशी त्यांची रीतच आहे, असं ती हळू सांगत होती. आबांच्या आधीच्या धनुष्यांचे फोटोही होते. सगळ्यांची मूठ तिथंच. ह्याचीही तिथंच होती, एका दोऱ्याचा फरक नव्हता. कापत्या हातानं ह्यांनी ते चोख केलं होतं, आणि न कापणाऱ्या हातानं मी त्याची वाट लावली होती.

तुकडा कुठं आहे, तिनं विचारलं. मी कुंडीकडे बोट दाखवलं. तिनं तो उपसला, माती पुसली, धनुष्याच्या टोकाला लावून पाहिला. करवतीनं खाल्लेली फट तेवढी मधे राहिली. जोडला तरी ताण सोसणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि आता मलाही. मी म्हणाले, बाई, मला शिव्या दे, बोल काहीतरी. तिनं डोळे पुसले. हसू आल्यासारखा तिचा ओठ वाकडा झाला, अगदी ह्यांच्यासारखा.

"आबा म्हणायचे, झालं की लगेच फडक्यात गुंडाळून ठेवतो बाई. तुझ्या आजीनं बघितलं तर ती सरळ करून टाकील."